सूत नेमकं एकाच जागी तुटतंय: चूक माझ्या हाताची की मेंढीची?

टकळीवाली_नवखी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात म्हणून सगळंच लिहिते.

मेंढ्या पाळायला लागून आठ महिने होत आले. पाऊण एकर जागा आहे. अर्ध्यात गवत, उरलेल्यात घर, भाजी आणि माझी हौस. पाच मोठ्या मेंढ्या आहेत आणि तीन कोकरं. पहिल्या तिघी, म्हणजे कोळशी, ढगी आणि भोपळी, एकाच कळपातून एकाच दिवशी टेम्पोने आणल्या. जिरी आणि बदामी दीडेक महिन्याने दुसरीकडून आल्या. कोळशी आणि ढगी तीन महिन्यांपूर्वी व्याल्या, ढगीला जुळी झाली.

तीन आठवड्यांपूर्वी कातरणी झाली. कातरणारा माणूस सराईत होता, मी फक्त पाय धरून उभी होते. प्रत्येकीची लोकर वेगळ्या पोत्यात भरली, चिठ्ठी लावली, धुतली, ब्रशांवर पिंजली, पेळू (कातायला घ्यायच्या सैल वळ्या) केले आणि टकळीवर कातायला बसले.

जिरीची लोकर लोण्यासारखी निघते. माझ्यासारख्या नवखीच्या हातूनही बरं सूत येतं. कोळशीची घेतली की हातभर सूत निघतं न निघतं तोच तटकन तुटतं आणि टकळी फरशीवर. पीळ वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, जाड काढून पाहिलं, टकळी मांडीवर टेकवून कातलं. तेच. भोपळीचंही तसंच. पिंजतानाही ब्रशावर बारीक बारीक गुठळ्या उरतात, जिरीच्या लोकरीत त्या दिसत नाहीत. घरचे म्हणतात, टकळीपेक्षा तूच जास्त वेळ जमिनीवर असतेस.

ढगीच्या लोकरीचं तर बोलूच नका. धुताना तिचा जाड पापुद्रा झाला. वाळल्यावर त्यावर बसता येतं, कातता येत नाही.

मेंढ्यांना दिवसभर गवत, रात्री सुकं वैरण, संध्याकाळी मूठभर खुराक आणि त्यात चमचाभर खनिज मिश्रण (शेजारच्या शेळ्यांसाठी आणलेलं उरलं होतं, तेच संपवतेय). अंगाने पाचही जणी ठीक दिसतात.

हात बसला नाही म्हणून हे होतंय का? की धुण्यात काही चुकतंय? पुढच्या कातरणीपर्यंत काय बदलू?

---

जुनं_खोड

ताई, नाचता येईना अंगण वाकडं असं आपण म्हणतो खरं, पण तुमच्या बाबतीत अंगण खरंच वाकडं असावं. जिरीचं सूत ज्या हाताने निघतं त्याच हाताने कोळशीचं तुटतंय, मग हाताला कशाला दोष द्यायचा?

एक करा. कोळशीची न धुतलेली लोकर थोडी तरी उरली असेल. त्यातली पेन्सिलीएवढी एक बट सोडवा. एक टोक डाव्या चिमटीत, दुसरं उजव्या चिमटीत घट्ट धरा, कानाजवळ न्या आणि दोन-तीन हलके झटके द्या. धडधाकट लोकर ताणलेल्या तारेसारखी टणत्कार करते. कमकुवत असेल तर जुनं कापड फाटल्यासारखं चर्र वाजतं आणि बट मधूनच सुटते. सुटली तर कुठे सुटली ते पट्टीने मोजा. कापलेल्या टोकापासून किती आणि शेंड्यापासून किती, दोन्ही लिहा. एका बटीवर जाऊ नका. खांदा, कूस आणि मांडी अशा तीन ठिकाणच्या घ्या.

हे मोजमाप का, ते सांगतो. लोकर मुळाशी वाढते. शेंडा सर्वांत जुना, कातरीजवळचं टोक कालपरवाचं. मधलं सगळं अंतर म्हणजे मेंढीचं गेलेलं वर्ष. मेंढी आजारी पडली, ताप आला, उपाशी राहिली, तर शरीर आधी काळीज-फुप्फुसं सांभाळतं. लोकर त्याच्या हिशेबी शेवटची. लोकर ज्या केराटिनची बनते त्याला गंधक असलेली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, भरपूर लागतात आणि तीच त्या दिवसांत कमी पडतात. तंतू वाढत राहतो, पण तेवढ्या जागी बारीक होतो. बाहेरून काही दिसत नाही. पुढे मेंढी बरी होते, तंतू पुन्हा जाड होतो आणि ती बारीक जागा हळूहळू कातडीपासून दूर सरकत जाते. अख्ख्या अंगावर एकाच उंचीवर. म्हणून तुमचं सूत 'एकाच जागी' तुटल्यासारखं वाटतं. त्या गुठळ्याही तिथल्याच. ब्रशाने ओढलं की तंतू कमजोर जागी तुटतो आणि तुकडे एकमेकांत गुरफटतात.

माझा अंदाज सांगून टाकतो: विण्याचा ताण. गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत कोकराचं बहुतेक वजन वाढतं, त्याच वेळी गर्भ कोठीपोटाला (पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्याला) दाबतो आणि मेंढीला पोटभर खाता येत नाही. वर जुळी असतील तर आणखीच. मी लोकर पाहताना आधी तिथेच शोधतो.

एकोणीस वर्षं मेंढ्या पाळतोय, सध्या चौदा आहेत. माझ्याकडे एक जाड वही आहे. प्रत्येक मेंढीला एक पान. दर कातरणीला खांद्यावरची एक बट काढून चिकटपट्टीने पानावर लावतो, शेजारी लांबी आणि वर्षात काय काय झालं ते. लेथवर काम करायचो तेव्हाची मोजायची खोड, दुसरं काय. त्या वहीत एका काळ्या मेंढीचं पान आहे. तिच्या बटीत कापलेल्या टोकापासून तीन सेंटीमीटरवर रेघ मारल्यासारखी बारीक जागा आहे. मागे हिशेब केला तर तिचं खूर सडलं होतं ते दिवस निघाले. तेव्हा मला वाटलं होतं, दोन दिवस लंगडली, बरी झाली, विषय संपला. लोकरीने मात्र नोंद ठेवली होती.

मोजून कळवा. तोवर कोळशीची लोकर फणीवर विंचरू नका, अर्धा माल फणीतच राहील.

---

टकळीवाली_नवखी

काका, मोजलं. रात्री घरातले सगळे कानाला बटी लावून बसले होते, मुलाला तर आता तोच खेळ झालाय.

कोळशी: बटीची लांबी ११ सेंटीमीटर. तीनही ठिकाणी चर्र. शेंड्यापासून ४, कापलेल्या टोकापासून ७.
भोपळी: लांबी १०.५. तुटली ती शेंड्यापासून जेमतेम ४ वर.
ढगी: न धुतलेली मूठभरच उरली होती. तिचीही शेंड्यापासून ४ च्या आसपास. शिवाय कापलेल्या टोकाजवळ, अडीच-तीनवर, थोडी कुरकुर ऐकू येते, पण तिथे तुटत नाही.
जिरी आणि बदामी: टणत्कार! कितीही ओढलं तरी नाही.

पण एक अडतंय. आधीच्या मालकाने सांगितलं होतं की तिघींची मागची कातरणी बरोबर वर्षापूर्वीची. म्हणजे ११ सेंटीमीटर बारा महिन्यांत. त्या हिशेबाने व्याल्याची जागा कापलेल्या टोकापासून पावणेतीनवर यायला हवी ना? कोळशीला तिथे काहीच नाही. आणि भोपळी तर व्यालीच नाही.

---

जुनं_खोड

बरोबर आहे तुमचं, अंदाज माझाच चुकला. मापं मागायची आणि मापं यायच्या आधीच निकाल द्यायचा, ही सवय गेली नाही अजून.

आता नीट हिशेब करू. ११ सेंटीमीटरला १२ महिने, तर ७ सेंटीमीटरला साडेसात महिने आणि वर थोडं. वाढ वर्षभर सारखी नसते आणि बारीक झालेला तंतू कातडीबाहेर यायलाही दिवस लागतात, तेव्हा पंधरा-वीस दिवस इकडेतिकडे धरा. तुम्हीच वर लिहिलंय, पहिल्या तिघींना आणून आठ महिने होत आले. जिरी-बदामी त्या वेळी तुमच्याकडे नव्हत्याच, आणि त्यांच्या लोकरीत काही नाही.

म्हणजे गोष्ट टेम्पोतून उतरल्यानंतरची. पहिल्या पंधरा दिवसांत काय झालं ते आठवून सांगा. लपवू नका, इथे सगळ्यांनी काही ना काही केलेलं आहे. ढगीच्या बटीतली टोकाजवळची कुरकुर मात्र विण्याचीच दिसते. जुळी होती ना.

---

टकळीवाली_नवखी

सांगते. लाज वाटते, पण सांगते.

त्या आल्या तेव्हा दोन दिवस गवताला तोंडच लावेनात. कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या राहायच्या. मी घाबरले. तिसऱ्या दिवशी धान्याचा भरडा ठेवला तर तिघी तुटून पडल्या. मला एवढा आनंद झाला की घमेलं भरभरून दिलं. दोन वेळा. दुसऱ्या दिवशी तिघींना पातळ हगवण लागली, भोपळी तर दिवसभर मान खाली घालून बसून होती, पोट तट्ट फुगलं होतं. पशुवैद्य येऊन औषध देऊन गेले. पुन्हा नीट खायला लागेपर्यंत आठ-नऊ दिवस गेले. जिरी-बदामीच्या वेळी शहाणी झाले होते, त्यांना पहिला आठवडा नुसतं वैरण दिलं.

बऱ्या झाल्या म्हणून मी ते विसरूनही गेले होते. महिन्याभराने भोपळीच्या मानेवरची थोडी लोकर कुंपणाला लागून निघायची, तेव्हा वाटलं कुंपणाचाच दोष.

---

गुरांचा_डॉक्टर

ताई, कुंपणानेच साक्ष दिली म्हणायची.

उपाशी पोटावर एकदम धान्य पडलं की कोठीपोटातले जिवाणू पिष्टाचं झपाट्याने लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता वाढते, गवत पचवणारे जिवाणू मरतात, पोटाची आतली त्वचा सोलवटते, मेंढी विषबाधा झाल्यासारखी पडते. यात मेंढ्या दगावतात. तुमच्या वाचल्या हे नशीब. ज्या वाचतात त्यांची लोकर पुढच्या काही आठवड्यांत सैल होणं, झडणं हे नेहमीचं आहे. धान्य द्यायचंच तर मुठीने सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावं, तेही आधी वैरण खाऊ घालून.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी. पहिल्या पोस्टमध्ये कंसात एक वाक्य आहे: शेळ्यांसाठीचं खनिज मिश्रण. ते आजच्या आज बंद करा. संपवायचं म्हणून संपवू नका.

शेळीला तांबं बऱ्यापैकी लागतं, म्हणून तिच्या मिश्रणात ते घातलेलं असतं. मेंढीला तांबं लागतं अगदी थोडं, आणि जास्तीचं बाहेर टाकायची तिच्या शरीराची ताकद फार कमी. ते यकृतात साठत जातं. आठवडे, महिने काहीच दिसत नाही, मेंढी चरते, कोकराला पाजते, अंगानेही ठीक दिसते. मग एखाद्या ताणाच्या दिवशी, प्रवास, कातरणी, कुत्रं मागे लागणं, यकृत ते सगळं एकदम रक्तात सोडतं. तांबड्या पेशी फुटतात. डोळे आणि हिरड्या पिवळ्या, लघवी गडद तांबडी-तपकिरी, आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. लक्षणं दिसल्यावर उपचाराला फारसं यश येत नाही. गाई, डुकरं, कोंबड्या यांच्या खाद्याबद्दलही हीच खबरदारी. पिशवीवर 'मेंढ्यांसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते देऊ नये.

घाबरवायचा हेतू नाही. रोजचा चमचा पाच जणींत वाटला जात असेल तर मात्रा लहान असेल. पण किती महिने दिलंय ते मोजा, पिशवीवरचं तांब्याचं प्रमाण लिहून घ्या आणि दोन्ही आकडे तुमच्या पशुवैद्यांना दाखवा. रक्तातली यकृताची विकरं वाढलीत का ते तपासता येतं. तांबं कमी करायला मॉलिब्डेनम आणि गंधकाची औषधं असतात, ती मात्र त्यांच्याच सल्ल्याने. तोवर मेंढ्यांना हाकणं, पकडणं, दूर नेणं कमीत कमी ठेवा. कोकरं त्याच भांड्यात तोंड घालत असतील तर त्यांचंही सांगा.

---

टकळीवाली_नवखी

बापरे. पिशवी बाहेर काढली, शेजाऱ्यांना परत दिली. फोन केलाय, उद्या येतायत.

---

जुनं_खोड

डॉक्टर, धन्यवाद. तो कंस मी तीनदा वाचला आणि तीनही वेळा पुढे गेलो. लोकरच बघत बसलो होतो.

ताई, कातरणीबद्दलही एक सुचवतो, पुढच्या वेळेसाठी. मेंढी साधारण १४७ दिवसांनी विते, म्हणजे तारीख आधीच काढता येते. विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी कातरा. मग विण्याचा ताण लोकरीत उमटला तरी तो पुढच्या वर्षीच्या बटीच्या शेंड्याजवळ पडतो, मधोमध नाही. शेंडा जाऊन जाऊन सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर जाईल. मधे तुटली तर अख्खी बट गेली. शिवाय कास मोकळी दिसते, कोकराला सड पटकन सापडतं, आणि कातरलेल्या मेंढीला थंडी वाजते म्हणून ती स्वतःहून आडोशाला जाऊन विते. मात्र गाभण मेंढी उलटीपालटी करताना हात हलका हवा, त्यानंतर तिला जास्त खाणं हवं आणि कोरडा निवारा हवाच हवा. हे तिन्ही जमणार नसेल तर कातरू नका, राहू दे बट मधून तुटकी.

नुसती लोकरच हवी असेल तर खच्ची केलेला नर पाळायचा विचार करा. ना गाभणपण, ना दूध. वर्षभर एकसारखी लोकर. माझ्या वहीतली सर्वांत सरळ पानं दोन खच्ची नरांची आहेत, बटी अशा की लेथवर काढल्यासारख्या. त्यांना धान्य मात्र जवळजवळ नकोच, लघवीच्या वाटेत खडे होतात.

आणि हे तुटणं दर वेळी रोगच असतं असंही नाही. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवरच्या सोए मेंढ्या दर वसंतात आपोआप लोकर टाकतात. बारीक जागा निसर्गानेच दिलेली. शेटलंड बेटांवरच्या जुन्या मेंढ्यांचीही लोकर त्या दिवसांत हातानेच उपटून घ्यायचे, कातरीची गरज नाही. माणसाने निवडून निवडून सतत वाढणारी लोकर तयार केली आणि मग कात्री कायमची मागे लागली. ऑस्ट्रेलियात २०१५ साली कळपातून चुकलेला एक मेरिनो मेंढा सापडला, क्रिस त्याचं नाव. कित्येक वर्षं कातरलाच नव्हता. अंगावरून ४१.१ किलो लोकर निघाली, बिचाऱ्याला धड चालताही येत नव्हतं.

---

चरखा_आणि_चिवडा

मेंढ्यांचं झालं, आता पोत्यातल्या लोकरीचं बोलू या का? ती काही टाकून द्यायची नाही.

कोळशी-भोपळीच्या बटी शेंड्यापासून ४ वर तुटतात म्हणजे खालचे साडेसहा-सात सेंटीमीटर निरोगी आहेत. सात सेंटीमीटर पिंजून कातायला भरपूर झाले! मी साडेतीन-चारची लोकरही कातते. तुमचा घोटाळा असा की ब्रश कधी तोडतो, कधी तोडत नाही, आणि लांब-आखूड सगळं एका पेळूत येतं. तेव्हा ब्रशाच्या आधी तुम्हीच तोडा. बट दोन्ही हातांत धरायची, एक झटका, शेंडे डावीकडच्या टोपलीत, बुडखे उजवीकडच्या. कंटाळवाणं काम आहे खरं, पण रेडिओ लावून एका संध्याकाळी पावशेर होतं. बुडख्यांचे पेळू करा. शेंडे उशीत भरा किंवा नमद्याला (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाला) ठेवा.

कातताना ओढ थोडी थोडी घ्या आणि पीळ जिरीपेक्षा जरा जास्त द्या. आखूड तंतूंना एकमेकांना धरून ठेवायला पीळच लागतो. एकपदरी वापरू नका. दोन पदर उलट पिळाने एकत्र करा, एका पदरातली कमजोर जागा दुसरा सांभाळून घेतो. मग लडी कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टांगून वाळवा.

आता ढगीचा पापुद्रा. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात, सगळे शेंड्याच्या दिशेने. ओलावा, उष्णता आणि हालचाल एकत्र आली की तंतू एकाच दिशेने सरकतात आणि मागे येऊ शकत नाहीत. यातली हालचाल ही खरी वैरीण. नुसत्या गरम पाण्यात लोकर काही बिघडत नाही. तुम्ही नक्की हाताने चोळली असणार किंवा वरून नळ सोडला असणार. आणि गरममधून काढून गार पाण्यात घातली असेल तर मग विचारायलाच नको.

मी काय करते ते सांगते. आदल्या रात्री गार पाण्यात बुडवून ठेवायची. मेंढीचा वाळलेला घाम आणि माती यातच सुटते, पाणी चहासारखं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धा किलोच्या आत लोकर जाळीच्या पिशवीत. पंधरा लिटरच्या बादलीत ६० अंशांचं पाणी, त्यात भांड्यांचा द्रव साबण आधी विरघळवायचा, मग पिशवी अलगद वर ठेवायची. ती आपली आपण बुडते. ढवळायचं नाही, दाबायचं नाही, वीस मिनिटं तिकडे बघायचंसुद्धा नाही. लोकरीचं मेण चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून पाणी निवायच्या आत पिशवी बाहेर. नाहीतर तेच मेण परत चिकटतं आणि मग लोकर कायमची चिकट राहते. दुसरं साबणपाणी, मग दोन वेळा नुसतं पाणी, सगळं तितकंच गरम. हातमोजे घाला.

काही जण न धुताच मेणासकट काततात. जुनं_खोड काका त्यातले असावेत असा मला संशय आहे. हात मऊ होतात हे मान्य, पण वास आणि कसर दोन्ही घरात येतात. त्यावरून आठवलं, धुतलेली असो वा नसो, साठवायची लोकर घट्ट बांधलेल्या पिशवीत दोन आठवडे उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून काढा. कसरीच्या अळ्या केराटिनवरच जगतात आणि अख्खं वर्ष एका महिन्यात फस्त करतात.

ढगीचा पापुद्रा मात्र परत लोकर होणार नाही. बुटात घालायचे तळवे कापा त्याचे. आमच्याकडे सगळ्यांच्या बुटात माझ्या चुकाच आहेत.

---

जुनं_खोड

संशय खरा आहे. मेणासकट कातलं की तंतू बोटांतून सुळकन सरकतो, तेलाचा हात लावावा लागत नाही. वासाचं म्हणाल तर आमच्या घरात आता कोणाला येत नाही. कसरीचं मात्र मान्य. वहीची पहिली चार पानं खाल्लीत तिने.

---

टकळीवाली_नवखी

मंडळी, दहा दिवसांनी लिहितेय.

आधी मेंढ्यांचं. पशुवैद्य आले, पाचही जणींचं रक्त नेलं. बदामीची विकरं किंचित वाढलेली निघाली, बाकीच्या चौघींची ठीक. बदामीच सगळ्यांना ढुशा मारून ताट चाटायची, त्यामुळे नवल नाही. औषध सुरू आहे, खनिज मिश्रण आता मेंढ्यांचंच. कोकरांना महिनाभर तरी त्या भांड्यापासून लांब ठेवायला सांगितलंय. म्हणजे जिची लोकर एवढी छान, तिच्याच यकृताची काळजी. लोकरीत हे कुठेच दिसलं नाही ना, काका? टणत्कार करत होती ती.

सुताचं: कोळशीच्या बटी तोडायला दोन संध्याकाळी लागल्या. मुलगा शेंडे तोडतो आणि प्रत्येक वेळी तोंडाने चर्र म्हणतो. काल बुडख्यांचे पेळू कातले. टकळी एकदाही पडली नाही असं म्हणणार नाही, चार वेळा पडली. पण त्यातल्या तीन वेळा मी दाराकडे बघत होते. दोन पदर करून लडी मोजली, बेचाळीस मीटर. थोडी खरखरीत आहे, गळ्याशी टोचते. रंग कोळशी म्हणावी इतका काळा नाही, उन्हात धरला की तपकिरी.

वही आणली आहे. पाच पानं झाली. बटी लावल्या, भोपळीच्या बटीवर चार सेंटीमीटरवर पेनने खूण केली आणि शेजारी लिहिलं: 'घमेलं'.

एकच विचारायचं राहिलं. कोकरांची पहिली लोकर केव्हा कातरायची? तिघांच्या अंगावर बोटाच्या पेराएवढी झाली आहे आणि हात लावला की सोडवत नाही.

---

जुनं_खोड

बदामीचं खरं आहे. तांबं यकृतात गप्प बसलेलं असतं, मेंढीचं खाणं-पिणं चालू असतं, तोवर लोकर काही बोलत नाही. बटीला जेवढं कळतं तेवढंच ती सांगते. हे तिच्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या कातरणीला तिथे काही उमटलंय का ते मलाही बघायचं आहे.

कोकरांची घाई करू नका. पेराएवढी लोकर कातरून तुमच्या हाती धड पेळू येणार नाही आणि कोकरू उघडं पडेल. सहा-सात सेंटीमीटर होऊ द्या, हवा उबदार असेल तेव्हा काढा. पहिल्या लोकरीचे शेंडे निमुळते असतात, कारण ते कधी कापलेलेच नसतात. त्या बटी एकदाच मिळतात. मऊपणा पुढे कधी तसा येत नाही. जुळ्यांच्या वेगळ्या ठेवा, एकाच पोत्यात घालू नका.

गळ्याशी टोचणाऱ्या सुताची पिशवी विणा. आणि कातताना दार बंद ठेवा.